सांधा सांभाळताना – लेखांक ७ : आखडलेला खांदा

मानेतून हातात उतरणाऱ्या कळा आपण मागच्या आठवड्यात पाहिल्या. आज खांदा, आणि त्यातही असं एक दुखणं, ज्यात घरच्यांनी प्रेमाने लावलेला जोरच पेशंटला महागात पडतो. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, घरात आपण 'खांदा धरलाय' म्हणतो.

चाळिशी ते साठीच्या दरम्यान, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. बहुतेकदा पडल्याचं, मार लागल्याचं काही निमित्त नसतं. दंडाच्या वरच्या भागात ठणका सुरू होतो, त्या कुशीवर झोपवत नाही, रात्री दोन-दोनदा जाग येते. मग एकेक हालचाल हातची जाते. पाठीमागे हुक लावता येत नाही, वेणी घालता येत नाही, मागच्या खिशातलं पाकीट निघत नाही, फळीवरचा डबा डाव्या हाताने उतरवायची सवय लागते. एरवी खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण सैलसर असतं, म्हणून तर हात चौफेर फिरतो. या आजारात त्या आवरणाला सूज येते, ते जाड होतं आणि आकसतं.

ओळखण्याची एक सोपी खूण आहे. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात ठेवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. आखडलेल्या खांद्यात हीच हालचाल सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त अडते. दुसऱ्याने हात धरून नेला तरी तिथेच अडते. खांद्याचा स्नायुबंध फाटला असेल तर चित्र वेगळं दिसतं: स्वतःला हात उचलवत नाही, पण दुसऱ्याने उचलला की तो बराच वर जातो. एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो, आणि मग 'काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत' असं बाईला ऐकवलं जातं. हे फार वाईट आहे. एक्स-रे काढतात तो सांध्याची झीज किंवा हाडाचा दुसरा काही बिघाड नाही ना, हे पाहण्यासाठी. आकसलेलं आवरण त्यात दिसत नाही.

हा आजार टप्प्याटप्प्याने जातो. आधी वेदना जास्त, मग वेदना कमी पण आखडणं पक्कं, मग हळूहळू मोकळीक. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. काहींना थोडा ताठरपणा नंतरही राहतो. उपचार या टप्प्यांप्रमाणे बदलावा लागतो आणि नेमकी इथेच गल्लत होते. ठणका ऐन भरात असताना तेल लावून हात ओढणं, 'दुखलं तरी चालेल, सोडायचा नाही' म्हणून रोज वर खेचणं, हे मी ठामपणे थांबवायला सांगते. नेदरलँड्समध्ये २००४ साली डिर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला वेदनेची मर्यादा ओलांडून ताण दिला गेला; दुसऱ्या गटाला आजार नीट समजावून सांगून, सोसेल तेवढाच व्यायाम दिला. दोन वर्षांनी सौम्य व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के लोकांचा खांदा जवळपास पूर्ववत झाला होता; जोर लावलेल्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होतं. अभ्यास लहान आहे, पण पहिल्या टप्प्यात सबुरी ठेवायला तो पुरेसं बळ देतो.

सबुरी म्हणजे हात गळ्यात बांधून ठेवणं मात्र नव्हे. टेबलावर चांगला हात टेकवा, कमरेत वाका, दुखरा हात सैल सोडा आणि अंगाच्या हलक्या झोक्याने त्याला पुढे-मागे व गोल फिरू द्या. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो. या दुखण्याला फ्रोझन शोल्डर हे नाव १९३४ साली त्यांनीच दिलं. आधी शेक घ्यावा. दिवसातून थोडा थोडा, चार-पाच वेळा केलेला व्यायाम एकदाच अर्धा तास केलेल्यापेक्षा बरा सोसतो. झोपताना उताणं पडून दंडाखाली घडी केलेली चादर ठेवली की खांदा मागे लोंबत नाही आणि ठणका कमी होतो. वेदना असह्य असेल तर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरुवातीच्या काळात चांगला आराम देतं. त्यानंतर काही दिवस मधुमेहींची साखर वाढते, हे आधीच माहीत असावं.

रात्रीचा ठणका ओसरला की ताण वाढवायचा. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकलणं, भिंतीवर बोटांनी वर चढणं, पाठीमागे टॉवेल धरून वर ओढणं. व्यायामानंतरचं दुखणं थोड्या वेळात शमलं तर मात्रा बरोबर. रात्रीची झोप मोडली तर जास्त झालं. ऑपरेशनची घाई नको. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत भूल देऊन खांदा मोकळा करणं, दुर्बिणीतून आवरण कापणं आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी या तिन्हींची तुलना झाली. वर्षभरानंतर यांपैकी एकही उपचार इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही.

मधुमेह असलेल्यांना हा आजार कितीतरी अधिक होतो आणि जास्त चिवटपणे टिकतो. म्हणून खांदा आखडला आणि साखर कधी तपासलीच नसेल, तर ती तपासून घ्या; थायरॉइडही. पडल्यानंतर अचानक हात उचलेनासा झाला, खांदा लाल होऊन ताप आला, किंवा डाव्या हातासोबत छातीत दाब आणि घाम असेल, तर व्यायाम नाही, थेट डॉक्टर.

एकदा सुटलेला खांदा सहसा पुन्हा धरत नाही, पण काहींचा पुढे दुसरा खांदा आखडतो. तेव्हा आठवड्यातून एकदा आरशासमोर दोन्ही कोपरं कमरेला लावून पंजे बाहेर नेऊन पाहा. दुसऱ्या बाजूला फरक दिसू लागला, तर हुक लावता येईनासा होण्याची वाट न पाहता दाखवायला या.