लुप्त नृत्याची पुनर्रचना : शब्दार्थाचा प्रश्न

लंडनमधील प्रकाशक जॉन प्लेफर्ड ह्याने १६५१ मध्ये ‘दि इंग्लिश डान्सिंग मास्टर’ हे पुस्तक काढले. त्यात शंभरावर ग्रामनृत्यांच्या चाली आणि प्रत्येक चालीखाली नर्तकांच्या हालचालींच्या सूचना आहेत. पुरुषासाठी चंद्रकोरीचे व स्त्रीसाठी बिंदुयुक्त वर्तुळाचे चिन्ह आहे. सेसिल शार्प ह्याने १९११ पासून ह्याच पुस्तकाच्या आधारे ती नृत्ये पुन्हा उभी केली.

हे काम वरवर वाटते तितके सुकर नव्हते. प्लेफर्ड काही संज्ञांचे अर्थ देतो : ‘डबल’ म्हणजे चार पावले पुढे वा मागे जाऊन पाय जुळविणे, ‘सिंगल’ म्हणजे दोन पावले. परंतु पदोपदी येणाऱ्या ‘साइड’ ह्या संज्ञेचा अर्थ तो देत नाही. शार्पने असे ठरविले की, जोडीदारांनी वक्र मार्गाने परस्परांच्या जागी जावे व तसेच परतावे. पुढे पॅट शॉ ह्याने निराळा अर्थ मांडला : चार पावले पुढे येऊन खांद्याशी खांदा आणावा व मागे जावे. दोन्ही हालचाली तेवढ्याच मात्रांत बसतात; म्हणून चाल निर्णय देत नाही. आज दोन्ही रीती प्रचारात आहेत. प्लेफर्डने अर्थ दिला नाही, ह्याचे कारण उघड आहे. जे वाचकास ठाऊकच आहे ते कोणी लिहीत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात हा प्रश्न उलट दिशेने उभा राहतो. भामरागड-एटापल्लीकडील माडिया व गोंड समाजांत रेला हे नृत्य जिवंत आहे. त्यास पुनर्रचनेची गरज नाही. परंतु तीनशे वर्षांनंतरच्या अभ्यासकापुढे केवळ आजची टिपणे असली, तर त्याची अवस्था शार्पसारखीच होईल. ‘रेला’ हे गीतांचे ध्रुवपद आहे. तेलुगूत ‘रेला’ म्हणजे बहावा. ध्रुवपदाचा त्या वृक्षाशी संबंध आहे, की ती केवळ लय धरणारी अक्षरे आहेत, हे शब्दकोश ठरवू शकत नाही. गाणाऱ्यांनाच विचारावे लागते.

‘दंडार’ हा शब्द याहून फसवा आहे. झाडीपट्टीत दंडार म्हणजे गाणे, नाच व सोंगे ह्यांचे लोकनाट्य. ‘दंडारी’ मात्र आदिलाबादकडील राजगोंडांचे दिवाळीतील नृत्य. नर्तकांचे जथे गावोगाव पाहुणे म्हणून जातात आणि त्यांत मोरपिसांचे टोप घातलेले घुसाडी असतात. फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्याचा राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ चा आहे. तेव्हा आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका आदिलाबादमध्येच होता. एका रूपावरून दुसऱ्याची पुनर्रचना करू पाहणारा अभ्यासक नाट्यास नृत्य समजेल, किंवा नृत्यात नसलेले नाट्य घुसवील.

आता चलच्चित्र उपलब्ध असल्याने ही अडचण सरली, असे कोणी म्हणेल. ते पूर्णतः खरे नाही. चित्रात त्या रात्री काय घडले ते दिसते. काय घडू शकले असते आणि काय चूक ठरले असते, ते दिसत नाही. व्याकरणकारास शुद्ध वाक्यांच्या संग्रहाइतकीच अशुद्ध वाक्यांविषयी भाषकाच्या निर्णयाची गरज असते. व्यासपीठावर प्रेक्षकांकडे तोंड करण्यासाठी रेलाचे वर्तुळ उघडून अर्धवर्तुळ केले, तर ते चित्रही तितकेच स्पष्ट उतरते. अर्धवर्तुळ हा मूळ विकल्प की व्यासपीठाची सोय, हे त्यातून कळत नाही.

म्हणून क्षेत्रकार्यात चित्रणाबरोबर प्रश्नावली हवी. पाऊल चुकल्यास त्याला माडियात काय म्हणतात? नवा नर्तक वर्तुळात कोठे शिरू शकतो, कोठे नाही? गीत संपण्याआधी हात सुटले तर ते कोणाच्या लक्षात येते? प्रत्येक संज्ञेचा अर्थ शक्यतो दोन निरनिराळ्या गावांतील वयस्क नर्तकांकडून, माडियातूनच नोंदवावा. मराठी भाषांतर नंतर करावे.