साखरेचे दार आणि यीस्टचे बीजाणू

पाव फुगवणारे यीस्ट साखर आहे तोवर वाढत राहते. साखर संपली, नत्रही आटले आणि ॲसिटेटसारखे हलके अन्नच उरले, की गुणसूत्रांचे दोन संच असलेली पेशी वाढ थांबवून आपल्या पोटात चार टणक बीजाणू घडवते. हे तिला कसे कळते, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

साखर पेशीत आपोआप झिरपत नाही; आवरणातील प्रथिनांच्या दारांतूनच ती आत येते. एसएनएफ-३ आणि आरजीटी-२ ही प्रथिने मात्र दारे नव्हेत, पहारेकरी होत. ती साखर आत नेत नाहीत. बाहेर किती आहे, याची वर्दी देतात. त्याप्रमाणे नवी दारे बसतात. उपासमारीत काही दारे मोडून त्यांचे द्रव्य पुन्हा कामी लावले जाते.

ग्लुकोज हे नुसते अन्न नव्हे, हुकूमही आहे. ते असेपर्यंत बीजाणूंचे काम सुरू करणारे आयएमई-१ हे जनुक दबलेले राहते. आरंभी साखर परत मिळाली, तर पेशी बेत सोडून वाढीला लागते. गुणसूत्रांची पहिली वाटणी सुरू झाल्यावर मात्र माघार नाही. मग बीजाणू तग धरून राहतात. आणि ज्या साखरेने त्यांना अडवले असते, तीच पुढे त्यांना रुजवते.