पार्कोर आणि होम थिएटर : छंद दोन, शरीर एकच

आमच्या वस्तीत संध्याकाळ झाली की विहाराच्या पटांगणात पोरे जमतात. कुणी कठड्यावरून उडी मारतो, कुणी भिंतीला पाय लावून वर चढतो, कुणी कोलांटी घेऊन पुन्हा धावत सुटतो. या खेळाला पार्कोर म्हणतात. रात्री हीच पोरे कुणाच्या तरी खोलीत बसतात. जुन्या बाजारातून आणलेला ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर, एक वूफर आणि हप्त्यावर घेतलेला टीव्ही. वायरी जोडायच्या, आवाज जुळवायचा आणि सिनेमा लावायचा.

मागच्या पावसाळ्यात यातल्याच एका नववीतल्या मुलाला घेऊन त्याची आई आमच्याकडे आली. मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखत होते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की कानात बारीक शिट्टी वाजत होती. आई म्हणाली, "दिवसा पाय मोडून घेतो, रात्री कान फोडून घेतो. दोन्ही बंद करू का?"

आम्ही तिला म्हणालो, ताई, बंद करू नका, माप ठरवा. पोरगा घाम गाळतो आणि हाताने काहीतरी जोडतो, यात वाईट काही नाही. पण दोन्ही छंदांचा भार एकाच शरीरावर पडतो, हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते. तेच या वेळी सगळ्या घरांना सांगतो.

उडी कानाने ओळखा

बऱ्याच पोरांना पार्कोर म्हणजे गच्चीवरून गच्चीवर उडी असे वाटते, कारण त्यांनी ते सिनेमात पाहिलेले असते. प्रत्यक्षात हा खेळ फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या लिस आणि एव्री या भागांत, काँक्रीटच्या इमारतींच्या वसाहतींत वाढला. डेव्हिड बेल आणि त्याचे सोबती तिथल्या पायऱ्या, कठडे आणि भिंतींवर सराव करत. डेव्हिडचे वडील रेमंड बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात होते. अडथळे ओलांडून माणसापर्यंत लवकर पोहोचायचे, हे त्यांचे रोजचे काम. त्यांच्याही आधी जॉर्ज हेबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने धावणे, उडी, चढणे, तोल सांभाळणे अशा नैसर्गिक व्यायामांची पद्धत घालून दिली होती. दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी बळकट व्हायचे, हा त्यामागचा विचार.

म्हणून या खेळात उंचीपेक्षा उतरणे महत्त्वाचे. पायाच्या चवड्यावर उतरा, मग टाच हलकेच टेकवा. गुडघे वाका, पण पार खाली बसू नका. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा, आत वळू देऊ नका. कोलांटी घेताना एका खांद्यावरून तिरपे जा. मान आणि मणक्यावर भार नको. आणि कान द्या. 'धप्प' असा आवाज आला तर धक्का गुडघ्यात, घोट्यात आणि कमरेत गेला असे समजा. आवाज जवळजवळ आलाच नाही, तर उडी जमली. आधी एका पायरीवरून बिनआवाजाचे उतरणे पक्के करा, मगच दुसरी पायरी.

अंगात मोठे होत असलेल्या मुलांची हाडे अजून वाढत असतात. वारंवार उड्या मारल्याने गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे स्नायूची दोरी हाडाला जोडलेली असते, तिथे ताण येऊन दुखू लागते. १० ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये हे नेहमी दिसते. दुखत असताना रेटून उड्या मारू नयेत. दुखणे कमी होईपर्यंत उड्या थांबवाव्यात, बर्फ कपड्यात गुंडाळून लावावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

एक गोष्ट मात्र ठाम सांगतो. वस्तीतल्या छपरांवर पार्कोर करू नका. सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो, पण पायाखाली एकदम फुटतो. लोखंडी पत्र्याला कुठे वीज उतरली असेल, हे डोळ्यांना दिसत नाही.

कानाचा हिशेब आठवड्याचा

आपला आतला कान दोन कामे करतो. त्याचा एक भाग ऐकतो, तर त्याला लागूनच असलेला दुसरा भाग शरीराचा तोल सांभाळतो. कठड्यावरून चालणाऱ्या मुलाने तरी कानाला जपलेच पाहिजे. ऐकण्याच्या भागात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या तर पुन्हा येत नाहीत. कानात शिट्टी वाजणे किंवा डीजेसमोरून आल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटणे, ही कानाने दिलेली सूचना आहे.

दोन माणसे साधे बोलतात तेव्हा आवाज सुमारे ६० डेसिबल असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तर चालतो. मुलांसाठी हे माप ७५ डेसिबलचे आहे. पण आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्यात फक्त ४ तास, आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटे. खोलीतला वूफर, कानातला हेडफोन, लग्नातला किंवा मिरवणुकीतला डीजे, सगळे याच खात्यात जमा होते.

मापायचे यंत्र नसले तरी साधी खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज जास्त आहे. हेडफोनचा आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवा आणि अधूनमधून कानाला विसावा द्या.

इथे पैशाचीही गोष्ट आहे. पोरे मोठ्या वॅटच्या ॲम्प्लिफायरसाठी पैसे साठवतात. पण ५० वॅटचे १०० वॅट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. खोक्यावर छापलेला 'पीएमपीओ'चा मोठा आकडा फसवा असतो, 'आरएमएस' किती ते विचारा. दहा बाय बाराच्या खोलीला थोडेच वॅट पुरतात. वूफर कोपऱ्यातून बाहेर काढा, घुमणे कमी होईल. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा आणि समोरच्या भिंतीवर गोधडी टांगा. मग कमी आवाजातही बोलणे स्वच्छ ऐकू येते. चांगला आवाज आणि मोठा आवाज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विजेचे भान ठेवा. एकाच बोर्डात टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि पंखा कोंबू नका. अर्थिंग तपासून घ्या. स्विच बंद केल्यावरही ॲम्प्लिफायरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून शिकल्याशिवाय खोके उघडू नका.

पातळ भिंतीपलीकडे कुणी रात्रपाळी करून झोपलेले असते, कुणी परीक्षेचा अभ्यास करत असते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. नियमाचे राहू द्या, शेजारच्या आजीला झोप लागली पाहिजे, एवढे तरी बघा.

टीव्हीलाच प्रशिक्षक करा

हे दोन्ही छंद एकमेकांच्या कामी येतात. सराव करताना मित्राला मोबाईलवर बाजूने आणि समोरून चित्रीकरण करायला सांगा. रात्री ते टीव्हीवर संथ गतीने बघा. गुडघा आत वळतो का, पाठ वाकते का, दोन्ही पाय एकदम टेकतात का, हे मोठ्या पडद्यावर लगेच कळते. उतरण्याचा आवाजही ऐका. रीलमध्ये मात्र फसलेल्या उड्या कापून टाकलेल्या असतात. तिथली उडी पाहून लगेच कठडा गाठू नका.

आठवड्यात तीन दिवस सराव पुरे, मध्ये एकेक दिवस विश्रांती. सुरुवातीला दहा मिनिटे अंग मोकळे करा. सिनेमा विश्रांतीच्या दिवशी, तोही तासाभराने उठून, पाय मोकळे करत. शाळा-कॉलेजच्या मुलांना रात्री ८ ते १० तास झोप हवी. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी उडीचा अंदाज चुकतो. म्हणून झोपण्याच्या तासभर आधी पडदा बंद. खाण्यात डाळ, चणे, शेंगदाणे, अंडी, भाकरी असू द्या. डब्याच्या महागड्या पावडरीची गरज नाही.

विदर्भातल्या आपल्या घरांसाठी आणखी एक सूचना. सिकलसेलची तपासणी केली नसेल तर सरकारी दवाखान्यात आधी ती करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा दमछाकीचा सराव करू नये. पाणी कमी पडले आणि शरीर अति थकले, तर त्याला तीव्र वेदना सुरू होऊ शकतात.

डोक्यावर पडून बेशुद्धी, उलटी, गुंगी किंवा बोलण्यात गडबड झाली, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. मानेला लागले असेल तर मुलाला हलवू नका. हाड मोडल्याची शंका असेल तर तेल लावून चोळू नका.

तो नववीतला मुलगा आता बरा आहे. सरकारी रुग्णालयात गुडघा आणि कान दोन्ही तपासले. तीन महिने त्याने उड्या बंद ठेवल्या, जमिनीवरच्या फरशीच्या रेषेवरून तोलाचा सराव केला आणि मित्रांचे चित्रीकरण करून त्यांच्या चुका दाखवल्या. गुडघा थांबला. कानातली शिट्टी कमी झाली, पण पूर्ण गेलेली नाही. आता ॲम्प्लिफायरच्या बटणावर त्याने पांढऱ्या रंगाने एक खूण केली आहे. त्या खुणेपुढे बटण न्यायचे नाही. आईला ती खूण लांबूनही दिसते.

आपल्या घरातल्या ॲम्प्लिफायरवरही अशी खूण आजच करून घ्या, आणि ती कुठे करायची ते मुलासोबत बसून, ऐकून ठरवा.