वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि खोकताना सुटणारी लघवी

खोकला आला, शिंक आली, हसू फुटलं की लघवीचे थेंब सुटतात. मग एसटीत चढायच्या आधी पाणी पिणं बंद होतं, लग्नकार्याला जाणं नको वाटतं. खारेपाटणच्या बाजारात ही तक्रार कोणी कोणाला सांगत नाही. दवाखान्यातसुद्धा ती बहुतेक वेळा निघताना, दाराशी थबकून सांगितली जाते.

मुंबईच्या जावेचं किंवा नणंदेचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं आणि "तिचा तो त्रासही थांबला" असं तुमच्या कानावर आलं असेल, तर त्यात तथ्य आहे. पण ती अर्धीच गोष्ट आहे.

वजनाचा आणि लघवीचा संबंध काय?

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तिचाच आधार असतो. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते आणि वयानुसार सैल होत जाते. पोटावर चरबी जास्त असेल, तर पोटातला दाब दिवसरात्र वाढलेला राहतो आणि तो या झोळीवर येतो. त्यात खोकल्याचा एक धक्का पुरतो.

ऑपरेशननंतर वजन उतरतं, तसा हा दाबही उतरतो. अमेरिकेत 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशनपूर्वी सुमारे 49 टक्के स्त्रियांना आठवड्यातून एकदा तरी हा त्रास होत होता. वर्षभरानंतर हे प्रमाण 18 टक्क्यांवर आलं, मात्र तीन वर्षांनी ते 25 टक्के झालं होतं. ज्यांचं वजन जास्त उतरलं, त्यांना फायदाही जास्त झाला.

अंग बाहेर येत असेल तर?

इथे अपेक्षा बेताची ठेवा. जडपणा कमी वाटू शकतो, पण ताणून सैल झालेला आधार वजन उतरल्याने पूर्ववत होत नाही. त्यासाठी व्यायाम, आत बसवायची रिंग किंवा वेगळं ऑपरेशन लागू शकतं. दोन्ही ऑपरेशनं करायची असतील, तर आधी कोणतं हे दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवा.

शौचाचं गणितही बदलतं. खाणं कमी होतं, तांब्याभर पाणी एकदम पिता येत नाही, लोहाच्या गोळ्या सुरू असतात, त्यामुळे बद्धकोष्ठ होतं. कुंथल्याने पुन्हा त्याच झोळीवर ताण येतो. म्हणून दिवसभर घोटघोट पाणी प्या. बायपास प्रकारच्या ऑपरेशननंतर काहींना उलट पातळ शौचास होतं. शौच आवरत नसेल, तर लाजून गप्प बसू नका.

केवळ लघवी सुटते म्हणून हे ऑपरेशन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 2009 च्या एका अभ्यासात आहार आणि व्यायामाने सरासरी 8 टक्के वजन उतरलेल्या स्त्रियांमध्ये लघवी सुटण्याचे प्रसंग सहा महिन्यांत 47 टक्क्यांनी कमी झाले. तुलनेच्या गटात ही घट 28 टक्के होती. 80 किलोच्या बाईसाठी 8 टक्के म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास. शिवाय ऑपरेशननंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात. भुईबावडा घाट चढून कोल्हापूरला किंवा रेल्वेने मुंबईला दरवर्षी जाणं घराला जमणार आहे का, हे आधीच बोलून घ्या.

व्यायाम मात्र आजपासून करता येतो. वारा सरणं आणि लघवी एकदम रोखल्यासारखं आतून वर आवळा. पाच आकडे मोजा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखू नका, पोट किंवा मांड्या आवळू नका. शिंक येणार असं वाटलं किंवा हंडा उचलायचा असला, की त्याआधी आवळून घ्या.

लघवीत रक्त दिसलं, तापाबरोबर लघवीला जळजळ झाली किंवा लघवी अडली, तर थांबू नका, लगेच दाखवा. एरवी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवस वहीत लिहा: किती पाणी आणि चहा घेतला, लघवीला किती वेळा गेलात, कधी आणि काय करताना सुटली. लिहिता येत नसेल, तर सुनेला किंवा मुलीला सांगा. ही वही दाखवलीत, की दाराशी थबकून सांगायची वेळ येत नाही.