एडवर्ड टाउब आणि न वापरला गेलेला हात

पक्षाघातानंतर लुळा पडलेला हात कितपत सुधारतो, या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ दिलेले उत्तर असे होते की, पहिल्या काही महिन्यांत जेवढी हालचाल परत येईल तेवढी येते आणि त्यानंतर सुधारणा जवळजवळ थांबते. या समजुतीला ज्यांनी सर्वांत चिवटपणे आव्हान दिले, ते एडवर्ड टाउब डॉक्टर नव्हते. १९३१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेले टाउब वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ होते, आणि लुळ्या हाताकडे ‘या प्राण्याने काय शिकून घेतले आहे’ अशा दृष्टीने पाहणे त्यांना सुचले ते बहुधा त्यामुळेच.

त्यांच्या संशोधनाचा धागा १८९५ सालापर्यंत मागे जातो. त्या वर्षी मॉट आणि शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकडाच्या एका हाताकडून मज्जारज्जूकडे संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची मुळे कापली. स्नायूंना हालचालीचा आदेश देणारे तंतू शाबूत असूनही माकडाने तो हात वापरणे सोडून दिले, आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या शेरिंग्टन यांच्या अधिकारामुळे संवेदनेवाचून हेतुपूर्वक हालचाल अशक्य आहे हे मत रूढ झाले. टाउब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तीच शस्त्रक्रिया केली, मात्र माकडाचा चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा संवेदना नसलेल्या हातानेच माकड अन्न उचलू लागले. दोन्ही हातांच्या संवेदना तोडल्या तरी माकड दोन्ही हात वापरत असे. मग एकच हात बधिर झाला असता तो निकामी का व्हावा?

टाउब यांनी दिलेले स्पष्टीकरण साधे होते. शस्त्रक्रियेनंतर काही काळ मज्जारज्जूला जणू धक्का बसलेला असतो आणि त्या काळात हात खरोखरच हलत नाही. माकड प्रयत्न करते, फसते, घास हातातून पडतो, उलट चांगल्या हाताने काम लगेच साधते, आणि काही महिन्यांनी धक्का ओसरून हालचालीची क्षमता परतली तरी तोपर्यंत तो हात न वापरणे अंगवळणी पडलेले असते. हा तर्क त्यांनी उलट्या बाजूनेही तपासून पाहिला: शस्त्रक्रियेनंतर लगेच बधिर हातच बांधून टाकला, म्हणजे फसण्याचा अनुभव घेण्याची संधीच ठेवली नाही, तर तो सोडल्यावर माकड त्याचा वापर करू लागले. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाल्यामुळे किंवा फुटल्यामुळे ज्याची एक बाजू दुबळी होते, त्या माणसाच्या बाबतीतही असेच घडत असावे, हे टाउब यांचे पुढचे अनुमान. घरच्यांनी मायेपोटी रुग्णाला भरवणे, सदऱ्याची बटणे लावून देणे, यानेही ही सवय पक्की होत जाते, हे आपल्याकडच्या कुटुंबांना सांगणे मात्र अवघड असते.

या संशोधनाची दुसरी बाजू टाळता येत नाही. मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथील टाउब यांच्या प्रयोगशाळेत प्राणिहक्क कार्यकर्ते अ‍ॅलेक्स पाचेको यांनी स्वयंसेवक म्हणून शिरून तेथील अस्वच्छतेची छायाचित्रे काढली आणि सप्टेंबर १९८१ मध्ये पोलिसांनी सतरा माकडे ताब्यात घेतली. टाउब यांच्यावर ११९ आरोप ठेवले गेले. त्यांपैकी सहा आधी सिद्ध ठरले, फेरसुनावणीत एकच उरला, आणि १९८३ मध्ये तोही रद्द झाला, परंतु प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा राज्याचा कायदा केंद्राच्या अनुदानावरील संशोधनाला लागू होत नाही या कारणाने. प्राण्यांची निगा योग्य होती असा निर्वाळा त्यातून मिळाला नाही. सरकारी अनुदान थांबले आणि टाउब यांच्या संशोधनात वर्षानुवर्षांचा खंड पडला. दरम्यान १९८५ मध्ये अमेरिकेचा प्राणिकल्याण कायदा अधिक कडक झाला, त्यामागे या प्रकरणाचा मोठा हात होता. याच माकडांपैकी काहींच्या अखेरच्या तपासणीतून १९९१ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, मेंदूच्या पृष्ठभागावरील हाताचा म्हणून ओळखला जाणारा भाग चेहऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागला होता आणि हा बदल दहा ते चौदा मिलिमीटरपर्यंत पसरला होता. तोवर एक-दोन मिलिमीटरपलीकडे असा बदल होत नाही असे मानले जाई. ज्ञान मोलाचे ठरले म्हणून त्या पिंजऱ्यांचे समर्थन होत नाही, आणि पिंजरे वाईट होते म्हणून निष्कर्ष खोटे ठरत नाहीत.

टाउब १९८६ मध्ये बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी माणसांसाठी ‘कॉन्स्ट्रेंट-इंड्यूस्ड मूव्हमेंट थेरपी’ सिद्ध केली. चांगल्या हाताला जागेपणाच्या सुमारे नव्वद टक्के वेळ जाड मोजा घालायचा, दोन आठवडे कामाच्या दिवशी सहा-सहा तास दुबळ्या हाताचा सराव करायचा, आणि तो सराव रुग्णाला जेमतेम जमेल इतक्या छोट्या पायऱ्यांनी कठीण करत न्यायचा, अशी ही पद्धत आहे. रुग्णाशी लेखी करार केला जातो आणि घरी कोणती कामे त्या हाताने केली याची रोज नोंद ठेवली जाते. ही नोंद वरवर किरकोळ वाटते. तरी दवाखान्यात जमलेली हालचाल स्वयंपाकघरात उतरते ती बव्हंशी तिच्यामुळे, आणि मोज्याला मिळालेली प्रसिद्धी खरे तर तिला मिळायला हवी होती. कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूचा नकाशा काढणाऱ्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचारानंतर दुबळ्या हाताचे क्षेत्र जवळजवळ दुप्पट झालेले दिसले.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील स्टीव्हन वुल्फ यांच्या नेतृत्वाखाली सात केंद्रांवर, पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर या पद्धतीची चाचणी झाली. २००६ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांची सुधारणा अधिक होती आणि ती वर्षभर टिकली. मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत, झटक्यानंतर अगदी सुरुवातीच्या दिवसांतच या पद्धतीची मात्रा वाढवली तेव्हा तीन महिन्यांनंतर हाताची सुधारणा उलट कमी आढळली, म्हणजे अधिक सराव नेहमीच हितकर असतो असे नाही. शिवाय रोज सहा तास एका रुग्णासाठी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट देणे बहुतेक रुग्णालयांना परवडत नाही, म्हणून कमी तासांच्या आवृत्त्या वापरात आल्या.

मनगट सुमारे वीस अंश आणि बोटे सुमारे दहा अंश तरी उचलता येणे, ही या उपचाराची प्राथमिक अट आहे. ज्यांचा हात मुळीच हलत नाही त्यांच्यासाठी आरशाचा उपाय योजला जातो: चांगल्या हाताचे प्रतिबिंब दुबळ्या हाताच्या जागी दिसेल असा आरसा ठेवून सराव करणे. चेन्नईत वैद्यकशास्त्र शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी तो मुळात हात गमावलेल्या, तरीही त्या नसलेल्या हातात वेदना जाणवणाऱ्या रुग्णांसाठी शोधला होता.