सोपाऱ्याची खाडी कुठे गेली?

जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, की पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना ती ओळखीची उद्घोषणा ऐकू येते : नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचल्याने गाड्या विलंबाने धावत आहेत. जुलै २०१८मध्ये तर वसई ते विरार वाहतूकच थांबली. अडकलेल्या गाड्यांतून प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, मिठागरातल्या वस्तीत शेकडो लोकांना पाण्याने वेढले. अशा वेळी नालेसफाई, प्लास्टिक आणि बेकायदा बांधकामे यांना दोष दिला जातो. तो चुकीचाही नाही. पण इथल्या पाण्याचे दुखणे समजून घ्यायचे तर आणखी मागे जावे लागते, कारण आज जिथे चाळी आणि इमारती उभ्या आहेत त्या सखल पट्ट्यात कधीकाळी गलबते ये-जा करत होती.

नाळे आणि सोपारा या दोन गावांच्या नावांतून नालासोपारा झाले. त्यातले सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत भडोचच्या दक्षिणेकडील बाजारपेठांत ‘सुप्पारा’ आणि पुढे कल्याण यांची नावे येतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने शोर्पारगात धर्मशाळा बांधली, आणि दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट होड्यांची सोय केली, असे त्यात कोरले आहे. त्याआधी तीनशे वर्षे अशोकाने आपल्या आज्ञा इथे दगडावर खोदवल्या होत्या. राजाज्ञा लिहायच्या त्या वर्दळीच्या जागी, हे तेव्हाही ठाऊक होते.

त्या आज्ञांपैकी आठव्या लेखाचा तुकडा १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना भातेला तळ्याजवळ मिळाला. त्याच वर्षी त्यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली. तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी, पेटीत आठ कांस्यमूर्ती, एकात एक बसवलेले करंडक, सोन्याची बारीक फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते. हा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. पुढे १९५६मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या आज्ञेचाही तुकडा सापडला.

इतके मोठे बंदर, आणि आज समुद्र गावापासून लांब. हे झाले कसे?

नकाशा पाहिला तर उत्तरेला वैतरणेचे मुख आहे, दक्षिणेला उल्हास नदीला मिळणारी वसईची खाडी. या दोहोंमध्ये पूर्वी पाण्याचा मार्ग होता. ठाणे जिल्ह्याचे १८८२चे इंग्रजी गॅझेटियरही वसईला बेटच म्हणते. खुल्या समुद्रावर नैर्ऋत्येचा वारा थेट बसतो; आतल्या खाडीत जहाज सुरक्षित राहते, गोडे पाणी मिळते आणि माल थेट गावाच्या दाराशी उतरतो. शूर्पारकाचे वैभव या आडोशामुळे होते. त्याचा घातही आडोशानेच केला.

नदी घाटातून माती आणते. मातीचे सूक्ष्म कण गोड्या पाण्यात एकमेकांपासून अलग तरंगतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की ते एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसू लागतात. भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी पाणी काही वेळ निश्चल असते, तेव्हा हे काम सर्वांत वेगाने होते. शिवाय दोन्ही तोंडे उघडी असलेल्या खाडीत भरती दोन्हीकडून आत शिरते. हे दोन प्रवाह मध्ये कुठेतरी भेटतात आणि तिथे पाण्याचा वेग जवळजवळ संपतो. अशा खाडीचा गाळ बहुधा मधोमध साठू लागतो. गाळ वर आला की त्यावर तिवरे रुजतात, तिवरांची मुळे आणखी गाळ धरून ठेवतात. समुद्राची पातळी हजारो वर्षांत वर-खाली झाली, त्याचाही वाटा असणार.

मग सगळ्याच खाड्या का बुजल्या नाहीत? खाडी स्वतःला साफही करत असते. भरतीला जितके पाणी आत येते, तितके ओहोटीला बाहेर पडते आणि जाताना तळ खरवडून नेते. खाडीभोवती पसरायला मोकळी जागा असेल, तर आत येणारे पाणी जास्त आणि बाहेर जाणारा ओढाही जोरदार. ती जागा कमी केली की ओढा मंदावतो. कोकणात ही जागा माणसाने पिढ्यान्पिढ्या कमी केली आहे. बांध घालायचा, उघाडी बसवायची, भरतीचे पाणी अडवायचे आणि आतल्या खारात भात पिकवायचा किंवा मीठ काढायचे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही शहाणपणाची गोष्ट होती, आणि मुंबई राज्याने तर १९४८मध्ये त्यासाठी खारभूमी कायदाच केला. खाडीचा ओघ मात्र प्रत्येक बांधाने थोडा थोडा घटत जातो.

सोपाऱ्याच्या कोणत्या बांधाने किती गाळ साठवला याचा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही. युरोपात अशाच एका खाडीचा हिशेब बऱ्यापैकी सापडतो, म्हणून तिचे नाव घ्यायला हवे. बेल्जियममधील ब्रूज शहराला ११३४च्या वादळाने ‘झ्विन’ नावाची खाडी मोठी करून दिली आणि शहर उत्तर युरोपच्या व्यापाराचे केंद्र बनले. भोवतालची दलदल बांध घालून शेतीखाली आली, तसा झ्विनमधला ओघ घटला. जहाजे आधी दाम, मग स्लाउस अशा समुद्राकडच्या बंदरांत थांबू लागली आणि अखेर व्यापार अँटवर्पला गेला.

सोपाऱ्याचेही एका रात्रीत काही झाले नाही. शिलाहार राजा अनंतदेवाच्या १०९४च्या खारेपाटण ताम्रपटात जहाजांना जकात माफ केलेल्या बंदरांच्या यादीत ठाणे आणि चौलबरोबर शूर्पारक आहे. सोळाव्या शतकात मात्र गलबते वसई आणि आगाशीला लागताना दिसतात. गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४मध्ये पोर्तुगीजांनी मागून घेतली ती वसई. सोपारा तोवर मागे पडले होते.

बंदर गेले तरी जमीन सखलच राहिली. एकोणिसाव्या शतकात त्यातून रेल्वेचा भराव गेला. नंतर भात आणि मीठ पिकवणाऱ्या खारांवर घरे आली. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. पूर्वेच्या डोंगरांवरून उतरणारा पाऊस आजही पश्चिमेकडे वाट शोधतो. समुद्रात उधाण असेल तर नाल्यांचे पाणी बाहेर पडत नाही, उलट खाडीचेच पाणी आत दाबले जाते. पूर्वी हे पाणी खारांत आणि मिठागरांत पसरून काही तास थांबत असे आणि ओहोटी लागली की निघून जात असे. आता ते तळमजल्यावर थांबते. नाले उपसल्याने गाळ निघतो, थांबायची जागा परत मिळत नाही.

झ्विनमध्ये आता उलटा प्रयोग चालू आहे. उरलेली खाडीही गाळाने बुजू लागली, तेव्हा तिथे २०१९मध्ये बांध मागे सरकवून सुमारे १२० हेक्टर जमीन भरतीला परत दिली, म्हणजे ओहोटीचा ओढा वाढेल. वसई-विरारमध्ये २०१८च्या पुरानंतर ‘नीरी’ आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांची समिती नेमली गेली. पावसाचे पाणी भरती ओसरेपर्यंत अडवून ठेवतील असे धारण तलाव हा तिच्या शिफारशींचा एक भाग होता. खार आणि मिठागरे हेच काम फुकट करत होती. त्या शिफारशी अमलात आणायच्या तर रिकामी, सखल जमीन हवी, आणि ती वसईत दर पावसाळ्याआधी थोडी कमी झालेली असते. तोवर नालासोपाऱ्यातली दुकानदार मंडळी जून उजाडला की माल वरच्या फळीवर चढवतात.