उंदराच्या सात शेपट्या

एका उंदराला सात शेपट्या असतात. शाळेत पोरं चिडवतात, म्हणून तो न्हाव्याकडे जाऊन एक शेपटी कापून घेतो. दुसऱ्या दिवशी सहा शेपट्यांवरून चिडवाचिडवी. पुन्हा न्हावी. असं करत करत एकही शेपटी उरत नाही, तेव्हा पोरं त्याला बांडा म्हणून चिडवतात! महाराष्ट्रात आणि गुजरातेत ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दुसरीच्या वर्गात ती वाचायला घेतली की पहिल्या दोन शेपट्या मुलं नुसती ऐकतात. तिसऱ्या शेपटीपासून बाईंनी पान उलटायच्या आत पुढचं वाक्य त्यांच्या तोंडी आलेलं असतं. ज्याला ‘शेपट्या’मधलं जोडाक्षर एरवी अडतं, तोही त्या शब्दावर बोट टेकवून मोठ्याने ओरडतो. तिथे दुसरा कुठला शब्द येणारच नाही, हे त्याला ठाऊक असतं.

अशा गोष्टींची मजा इथे आहे. तेच वाक्य सात वेळा येतं, फक्त आकडा बदलतो. पाटीवर तोच शब्द सात वेळा गिरवायला सांगितला तर मूल कंटाळतं; उंदीर सात वेळा न्हाव्याकडे गेला तर मात्र आठव्यांदाही त्याला पाठवायची तयारी असते. वजाबाकी होते ती वेगळीच.

आपल्या जुन्या वाचनपाठांची अडचण नेमकी उलटी होती. काना, मात्रा, वेलांटी शिकवून झाल्याशिवाय ती चिन्हं वापरायची नाहीत, हा नियम. मग उरलेल्या अक्षरांत कुणीतरी बसायचं, कुणीतरी उठायचं, कुणीतरी काहीतरी बघायचं. घडायचं काहीच नाही. इंग्रजीतही हेच दुखणं होतं. त्यावर उतारा म्हणून डॉ. स्यूस यांनी १९५७ साली टोपीवाल्या उपद्व्यापी मांजराचं ‘द कॅट इन द हॅट’ लिहिलं. त्यात वेगवेगळे शब्द फक्त २३६, आणि घरभर धिंगाणा. शब्द मोजके असले तरी गोष्ट रंगते, एवढं त्या मांजराने दाखवून दिलं.

‘निपुण भारत’ ही केंद्र सरकारची मोहीम जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं तिचं उद्दिष्ट आहे. शब्द घड्याळ लावून मोजता येतात. ‘समजून’ कसं मोजायचं? विनोदी गोष्ट हे काम फुकटात करते. पंचतंत्रातलं माकड मगरीला सांगतं की काळीज झाडावरच राहिलं, परत फिरू या. आणि मगर खरंच वळते. इथे जो खुदकन हसला, त्याला माकडाची थाप कळली, मगरीचा बावळटपणा कळला आणि काळीज झाडावर राहत नाही हेही कळलं. अक्षर न्‌ अक्षर अचूक वाचून चेहरा कोरा ठेवणाऱ्याजवळ मात्र बाईंनी थोडं थांबायला हवं.

पण मग प्राणीच का? एक कारण साधं आहे. वर्गात चुकणारं, अडखळणारं, फाटक्या दप्तराचं एखादं मूल असतंच, आणि वर्ग हसायला लागला की पहिला बळी त्याचा जातो. पुस्तकातलं गाढव वाट चुकलं, हत्ती मुंगीला घाबरला, तर सगळ्यांना बिनघोर हसता येतं. चुकणाऱ्या मुलालाही.

गोष्टीची ही ताकद आपल्याकडे फार आधी ओळखली गेली होती. भावनगरच्या बालमंदिरात १९२० पासून मुलांमध्ये रमलेल्या गिजुभाई बधेका यांनी कितीतरी लोककथा मुलांसाठी लिहून काढल्या. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातल्या शिक्षकाला पहिल्या दिवशी वर्ग आवरत नाही. गोष्ट सुरू होते तेव्हाच पोरं गप्प बसतात. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं.

त्याच भागात, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या सोनाळे इथे, नीलेश निमकर यांनी स्थापन केलेली ‘क्वेस्ट’ ही संस्था काम करते. अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यांच्या पुढाकारातून तिचा ‘गोष्टरंग’ उपक्रम उभा राहिला. तरुण नट आश्रमशाळांत जातात, मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी नाटकासारख्या करून दाखवतात आणि नंतर तीच पुस्तकं मुलांच्या हाती येतात. घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी परकी वाटते. पण ज्या प्राण्याला त्याने नुकतंच उड्या मारताना आणि आपटताना पाहिलं, त्याचं नाव छापलेलं दिसलं की ते पान तितकंसं अनोळखी राहत नाही.

या सगळ्यावर पाणी पडतं ते एका प्रश्नाने. हसू ओसरायच्या आत फळ्याकडून आवाज येतो: या गोष्टीवरून आपण काय शिकलो? उंदराच्या शेपट्यांतून तात्पर्य काढता येतं, नाही असं नाही. पण सात वर्षांच्या मुलाला ते त्याच तासाला काढायला लावणं म्हणजे गोष्टीवर गृहपाठ लादणं.

पुस्तकं नाहीत, ही सबबही आता फारशी टिकत नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा मोफत मिळतात, पहिल्या पातळीच्या गोष्टी २५० शब्दांच्या आत आटोपतात. घरात पहिली-दुसरीतलं मूल असेल, तर आज झोपताना त्याच्यासोबत उंदराची गोष्ट काढा. आणि पाच शेपट्यांनंतर मुद्दाम ‘तीन’ म्हणा. चूक पकडायला त्याला किती वेळ लागतो ते बघा.